रिपोर्टमधली ती एक ओळ: हर-टूची गोष्ट

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातलं इकडचं तिकडचं वाचायला सोपं जावं म्हणून थोडं सरळ केलंय.)



आज एका प्रथिनाबद्दल बोलायचंय. प्रथिन म्हणजे प्रोटीन. जिमवाल्यांनो, कान टवकारू नका, तुमच्या डब्यातल्या पावडरीबद्दल नाही बोलत मी. हे प्रथिन आपल्या पेशींच्या बाहेरच्या पटलावर बसलेलं असतं. त्याचं नाव हर-टू. गोष्ट थोडी घरची आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या हाताला स्तनात गाठ लागली. वय चोपन्न. सिंहगड रोडला राहते. बायोप्सी झाली, कॅन्सर आहे हे कळलं, आणि काही दिवसांनी पुढच्या तपासणीच्या रिपोर्टचा फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर येऊन पडला. त्यात तीन ओळी होत्या. ईआर निगेटिव्ह. पीआर निगेटिव्ह. आणि तिसरी ओळ, हर-टू, दोन अधिक, इक्विव्होकल.

आता ग्रुपवर काय झालं असेल याचा अंदाज तुम्हाला येईल. माझ्या मामेभावाने लिहिलं, "दोन अधिक म्हणजे सेकंड स्टेजच्या थोडं पुढे." कुणीतरी हात जोडलेले इमोजी टाकले. पुढचे दोन दिवस आम्ही सगळे जण, अगदी मावशीसुद्धा, ती दुसऱ्या स्टेजच्या पुढे आहे असंच समजून चाललो होतो.

खरी लाज पुढेच आहे. मी बायोटेक शिकलेय. हर-टूवर मी परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलंय, आकृतीसकट. आणि तरी तो रिपोर्ट मला वाचता आला नाही. त्या 'दोन अधिक'चा स्टेजशी काडीचा संबंध नसतो, हे मला डॉक्टरांच्या केबिनमध्ये कळलं. म्हणून हा एपिसोड. मी डॉक्टर नाही, उपचाराचा सल्ला देणार नाही. पण ही एक ओळ काय सांगते आणि तिच्यावर किती काय अवलंबून असतं, एवढं आज आपण नीट समजून घेऊ.

तर आधी, पटल म्हणजे काय? शाळेत आपण 'प्रद्रव्यपटल' असा जड शब्द पाठ केला होता. पेशीभोवतीचं स्निग्ध पदार्थांचं पातळ आवरण. आतलं आत ठेवायचं, बाहेरचं बाहेर. पण पेशीला बाहेरची खबर तर लागली पाहिजे. म्हणून या पटलात हजारो प्रथिनं आरपार रोवलेली असतात. फ्लॅटच्या दारावरची बेल आठवा. बटण बाहेर, वायर भिंतीतून आरपार, आवाज आत. पटलावरचं ग्राहक प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, साधारण तसंच. एक भाग बाहेर, एक छोटा तुकडा पटलातून आरपार, आणि एक भाग आत, जो निरोप पुढे देतो.

औषध बनवणाऱ्यांना ही बेल फार आवडते. कारण सोपं आहे. औषधाला घरात शिरावंच लागत नाही, बटण बाहेरच आहे. आज वापरातल्या औषधांपैकी निम्म्याहून जास्त औषधं पटलावरच्या प्रथिनांवर काम करतात. सर्दीला घेतो ती सेटिरिझिनची गोळी, दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल, या सगळ्यांचं गिऱ्हाईक पटलावरचंच एखादं प्रथिन असतं.

हर-टू हीसुद्धा अशीच एक बेल. तिचा निरोप असतो, 'वाढ, आणि विभागून दोन हो.' या घराण्यात चार बेला आहेत, हर-वन ते हर-फोर. बाकीच्यांना दाबायला बोट लागतं, म्हणजे बाहेरून एखादा विशिष्ट रेणू येऊन चिकटावा लागतो. हर-टूचं तसं नाही. तिचं बटण दाबणारा असा कुठलाही रेणू आजवर सापडलेला नाही. ती शेजारच्या दुसऱ्या बेलेशी जोडी जमवते, आणि जोडी जमली की आत घंटा वाजते.

साध्या पेशीवर हर-टू साधारण वीस हजार असतात. मोजक्या असतात, अंतर राखून असतात, गरजेपुरती घंटा वाजते. पण काही कॅन्सरमध्ये हर-टूचं जनुक झेरॉक्स मशीनवर अडकल्यासारखं होतं. दोन प्रतींऐवजी दहा, वीस, कधी त्याहून जास्त. जितक्या प्रती जास्त, तितकं प्रथिन जास्त. एकेका पेशीवर वीस लाखांपर्यंत हर-टू. मग काय होणार? बेला एकमेकींना धडकत राहतात आणि घंटा थांबतच नाही. पेशी विभागतच राहते. स्तनाच्या दर पाच-सहा कॅन्सरपैकी साधारण एकात असं असतं. आणि औषध नसेल तर हा कॅन्सर जास्त आक्रमक असतो.

आता याचा शोध कसा लागला, ते ऐका. यात मुंबईचा एक धागा आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो.

साल १९८२. अमेरिकेत एमआयटीमध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांची प्रयोगशाळा. तिथे मुंबईहून गेलेले एक संशोधक काम करत होते, लक्ष्मीचरण पाढी. उंदरांच्या चेतापेशींच्या गाठींमधून, म्हणजे न्यूरोब्लास्टोमामधून, त्यांना एक प्रथिन सापडलं. गाठीचं नाव न्यूरोब्लास्टोमा, म्हणून पुढे जनुकाचं नाव पडलं 'न्यू'. हीच उंदरांमधली हर-टू. हे प्रथिन त्यांनी शोधलं कशाने, तर अँटिबॉडीने. अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड, नेमक्या एका रेणूला जाऊन चिकटणारं प्रथिन.

जरा थांबून विचार करा. कॅन्सर वाढवणारं प्रथिन हातात आहे. ते पेशीच्या बाहेर डोकं काढून बसलंय. त्याला चिकटणारी अँटिबॉडीही त्याच प्रयोगशाळेत आहे. ती अँटिबॉडी कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघायची, एवढंच बाकी होतं. पण ते झालं नाही. त्या काळात सगळ्यांचं लक्ष पेशीच्या आत, कॅन्सर सुरू कसा होतो याच्या मूळ कोड्यावर होतं. औषध हा त्यांचा प्रश्नच नव्हता. सिद्धार्थ मुखर्जी यांच्या कॅन्सरवरच्या प्रसिद्ध पुस्तकात ही हुकलेली संधी सविस्तर आलीय. मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. मुद्दा इतकाच की शोध लागणं आणि तो कुणाच्या उपयोगी पडणं, या दोन्हींमध्ये भलं मोठं अंतर असतं.

पुढे जेनेन्टेक या कंपनीत आक्सेल उलरिख यांच्या गटाने माणसातलं हेच जनुक वेगळं काढलं आणि त्याला हर-टू नाव दिलं. पण ते कुठल्या आजारात बिघडतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डेनिस स्लॅमन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे फ्रीझरमध्ये रुग्णांच्या गाठींचे जपून ठेवलेले तुकडे होते. दोघं एकत्र आले. एकाकडे जनुक, दुसऱ्याकडे गाठी. १९८७ मध्ये त्यांचा निबंध आला. स्तनाच्या कॅन्सरच्या १८९ गाठी तपासल्या होत्या, त्यातल्या सुमारे ३० टक्के गाठींमध्ये हर-टूच्या प्रती वाढलेल्या होत्या. आणि ज्यांच्यात वाढलेल्या होत्या, त्या बायकांचा आजार लवकर उलटत होता.

इथे दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. एक म्हणजे, हर-टू मोजलं की पुढे आजार कसा वागेल याचा अंदाज येतो. यालाच बायोमार्कर म्हणतात, आजाराची खूण. आणि दुसरी, हर-टूलाच अडवलं तर? म्हणजे तेच औषधाचं टार्गेट. पत्ताही तोच, दारही तेच. असं फार कमी वेळा होतं. आपल्याला खूण म्हणून खूप रेणू माहीत असतात, पण त्यांना अडवून काही फरक पडत नाही. ताप ही आजाराची खूण आहे, पण नुसता ताप उतरवून टायफॉइड जात नाही, तसं. हर-टूच्या बाबतीत खूण आणि मूळ एकच निघालं.

जेनेन्टेकने उंदरांमध्ये हर-टूविरुद्धची अँटिबॉडी बनवली. ती माणसाच्या शरीराला परकी वाटू नये म्हणून तिचा बहुतेक भाग मानवी अँटिबॉडीसारखा करून घेतला. तिचं नाव ट्रास्टुझुमॅब. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. आणि मंजुरी एकट्या औषधाला मिळाली नाही. हर-टू मोजणाऱ्या तपासणीलाही तेव्हाच मिळाली. औषध आणि तपासणी, जोडीने. कारण ज्या गाठीवर हर-टू जास्त नाही, तिथे हे औषध देऊन उपयोग नाही. नुसता खर्च आणि हृदयाला ताप. हृदय कुठून आलं मध्येच? हर-टू हृदयाच्या स्नायूंच्या पेशींवरही असते, थोडी, पण कामाची. म्हणून हे औषध चालू असताना दर काही महिन्यांनी टू-डी एको काढून हृदयाची ताकद बघतात.

हे औषध करतं काय? बटणावर टोपी बसवते म्हणा. घंटा मंदावते. शिवाय ती टोपी झेंड्यासारखी असते, ती बघून शरीरातल्या संरक्षक पेशी तिथे धावून येतात. २००१ मध्ये मोठ्या चाचणीचे निकाल आले. आजार पसरलेल्या बायकांमध्ये केमोसोबत हे औषध दिल्यावर आयुष्य सरासरी पाच महिन्यांनी वाढलं. पाच महिने ऐकायला कमी वाटतात. पण २००५ मध्ये, आजार पसरण्याआधी, ऑपरेशननंतर हे औषध देऊन बघितलं, तेव्हा कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. वेळेवर दिलं, योग्य बाईला दिलं, तर चित्रच पालटतं.

आता पुण्यात परत येऊ.

औषध १९९८ मध्ये आलं खरं, पण आपल्याकडच्या किती बायकांपर्यंत? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २००८ साली आलेल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झालाय. हर-टू असल्यामुळे ज्यांना हे औषध द्यायला हवं होतं, त्यांच्यापैकी दहा टक्क्यांहूनही कमी जणींना ते मिळू शकलं होतं. त्यातल्याही बहुतेकींना चालू असलेल्या चाचण्यांमध्ये भाग घेतला म्हणून. टार्गेट माहीत, औषध तयार, तपासणी उपलब्ध. आणि दहातल्या नऊ जणी बाहेर.

अडलं होतं पैशांपाशी. २०१२ मध्ये मूळ औषधाची मालक असलेल्या रोश कंपनीने आपल्या पुण्याच्या एमक्युअरशी करार केला, भारतासाठी वेगळ्या नावाने, कमी किमतीत हे औषध आणायचं म्हणून. किंमत उतरली, पण सामान्य घराच्या आवाक्यात आली असं नाही. मग स्वस्त औषधासाठी रुग्ण-संघटनांनी आवाज उठवला, सरकारदरबारी चर्चा झाल्या, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये रोशने भारतातलं पेटंट पुढे न चालवण्याचं ठरवलं. त्याच नोव्हेंबरमध्ये बंगळुरूच्या बायोकॉनने स्वतःचं ट्रास्टुझुमॅब जाहीर केलं आणि २०१४ च्या सुरुवातीला ते बाजारात आलं. रोशने दिल्ली उच्च न्यायालयात दावाही लावला. तो सगळा वेगळ्या एपिसोडचा विषय आहे.

बायोकॉनने ४४० मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ठेवली ५७,५०० रुपये. आधीच्या किमतीपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी. तरी हिशोब करून बघा. साठ किलो वजनाच्या बाईला पहिला डोस ४८० मिलिग्रॅमचा आणि मग दर तीन आठवड्यांनी ३६० चा. वर्षभरात अठरा डोस. म्हणजे साधारण पंधरा कुप्या. आठ लाख साठ हजारांच्या आसपास. नुसत्या औषधाचे! त्यानंतर मात्र इतर भारतीय कंपन्याही उतरल्या आणि किमती आणखी खाली आल्या. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

आता तीन वर्षं समोर ठेवा. १९८२, प्रथिन सापडलं. १९९८, औषध मंजूर झालं. २०१४, भारतात बनलेलं, कमी किमतीचं औषध बाजारात आलं. सोळा वर्षं आणि पुन्हा सोळा वर्षं. पहिली सोळा विज्ञानाची आणि दुसरी सोळा बाजाराची आणि कायद्याची. पेपरात जेव्हा 'कॅन्सरवर नवं टार्गेट सापडलं' अशी बातमी येते आणि आपण ती तीन सेकंदांत फॉरवर्ड करतो, तेव्हा हे बत्तीस आठवायचे.

बरं, मावशीची ओळ तशीच राहिली. दोन अधिक.

गाठीचा तुकडा पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेला की तो आधी फॉर्मालिनमध्ये मुरतो, मग मेणात बसवतात. मेणाचा तो छोटा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्याच्या कागदाहून पातळ चकत्या कापून काचेवर लावतात. त्यावर हर-टूला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात आणि ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग येतो. पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली तो रंग बघतात. पेशीभोवती गडद, पूर्ण तपकिरी कडं, कोंबडीच्या खुराड्याच्या जाळीसारखं दिसत असेल, आणि तेही दहा टक्क्यांहून जास्त पेशींवर, तर तीन अधिक. म्हणजे पॉझिटिव्ह. काहीच नाही किंवा अगदी पुसट, अर्धवट रंग असेल तर शून्य किंवा एक अधिक. आणि मधलं, कडं पूर्ण आहे पण रंग फिका, तर दोन अधिक. इक्विव्होकल म्हणजे 'नक्की सांगता येत नाही.'

म्हणजे दोन अधिक हे उत्तर नाहीच. तो प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर दुसऱ्या तपासणीत असतं. तिचं नाव फिश.

डॉक्टर म्हणाले, "फिश करून घेऊ." मावशी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अगं, मी आयुष्यात मासा तोंडाला लावला नाही." त्या केबिनमध्ये आम्ही त्या आठवड्यात पहिल्यांदा हसलो.

फिशमध्ये प्रथिन नाही, थेट जनुकाच्या प्रती मोजतात. चमकणारे ठिपके. सहसा हर-टूचे ठिपके एका रंगाचे, आणि ज्या गुणसूत्रावर ते जनुक असतं, त्या सतराव्या गुणसूत्राचे दुसऱ्या रंगाचे. अंधाऱ्या खोलीत बसून माणूस एकेका पेशीतले ठिपके मोजतो. हर-टूचे ठिपके दुसऱ्यांच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त भरले, तर साधारणपणे पॉझिटिव्ह धरतात.

काका म्हणाले, "पुन्हा टेस्ट कशाला? अजून हजारो रुपये आणि अजून आठ दिवस. केमो चालू करा की!" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात कॅन्सर आला की थांबणं हा गुन्हा वाटतो. पण मावशीच्या रिपोर्टच्या पहिल्या दोन ओळी आठवा, ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह. म्हणजे हार्मोनच्या गोळ्यांचा रस्ता बंद. आता हर-टूही नाही असं ठरलं असतं, तर तिचा कॅन्सर 'ट्रिपल निगेटिव्ह' धरला गेला असता आणि उपचार पूर्णपणे वेगळे झाले असते. फिशच्या त्या आठ दिवसांवर सगळा पुढचा रस्ता ठरणार होता.

आणि मग कळलं की ब्लॉक पहिल्या लॅबमध्ये आहे, फिश दुसरीकडे होणार आहे, आणि पहिल्या लॅबला तो सापडत नाहीये. चार दिवस. मी आणि माझा मामेभाऊ, तोच सेकंड स्टेजवाला, आलटून पालटून तिथल्या काउंटरवर जाऊन उभे राहिलो. चौथ्या दिवशी मिळाला. अंगठ्याच्या पेराएवढा मेणाचा तुकडा. मी तो स्कूटरवरून नेताना जितकी जपून चालवली, तितकी आयुष्यात कधी चालवली नसेल.

फिश पॉझिटिव्ह आलं.

पॉझिटिव्ह शब्दाचा आनंद व्हावा अशी वेळ कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. दोन अधिक असलेल्या बऱ्याच जणींचं फिश निगेटिव्हच येतं.

मग त्यांच्यासाठी काय? इथे गोष्ट पुढे सरकलीय. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन नावाच्या औषधाच्या चाचणीचे निकाल आले. नाव लांबलचक आहे, कल्पना सोपी आहे. तीच अँटिबॉडी, पण तिच्या पाठीवर केमोच्या औषधाचे सुमारे आठ रेणू बांधलेले. डिलिव्हरीवाल्यासारखं. अँटिबॉडी पत्ता शोधते, दारातून आत जाते, पार्सल आत उघडतं. आणि पार्सलमधलं थोडं औषध शेजारच्या पेशींपर्यंतही पोचतं. त्यामुळे दारावर वीस लाख बेला नसल्या, थोड्याच असल्या तरी चालतं. एक अधिक, किंवा दोन अधिक पण फिश निगेटिव्ह, अशा आजार पसरलेल्या बायकांनाही त्याचा फायदा दिसला. या गटाला आता 'हर-टू लो' म्हणतात. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कॅन्सरच्या तीन औषधांवरची कस्टम ड्युटी माफ झाली, त्यातलं एक हेच. तरीही ते महागच आहे.

आणि ज्यांच्या गाठीवर यातलं काहीच नाही, त्यांच्यासाठी पटलावरच्या दुसऱ्या बेला शोधणं चालू आहे. आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतं, म्हणून हा शोध आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. ट्रॉप-टू नावाच्या पटलावरच्या प्रथिनावर चालणारं औषध अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं, तेही अशाच पार्सल पद्धतीचं. आणि हे काम लांब कुठेतरी चाललंय असंही नाही. गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. देशभरातल्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशी पुरवण्याचं काम तिथून चालतं. पाषाणला आयसर आहे, आणि तिथले शास्त्रज्ञ प्रशांती कॅन्सर केअर मिशनच्या डॉक्टरांबरोबर स्तनाच्या कॅन्सरवर एकत्र काम करतात. उलरिख आणि स्लॅमन यांची जोडी आठवतेय ना? एकाकडे जनुक, दुसऱ्याकडे गाठी. तशी जोडी आपल्या गावात जमतेय, ही चांगली गोष्ट आहे.

म्हणून पुढच्या वेळी 'नवं टार्गेट सापडलं' अशी बातमी आली, तर तीन प्रश्न विचारा. ते प्रथिन कॅन्सरच्या पेशीवर साध्या पेशीपेक्षा किती जास्त आहे? फरक थोडा असेल तर औषध निरोगी पेशींनाही झोडपणार. दुसरा, ते अडवलं तर गाठीचं खरंच अडतं का? की ते नुसतंच तिथे बसलंय? अडत नसेल, तर निदान पार्सलचा पत्ता म्हणून तरी त्याचा उपयोग आहे का? आणि तिसरा, ते साध्या लॅबमध्ये, भरवशाने मोजता येतं का? हर-टू या तिन्ही प्रश्नांना पुरून उरलं. बहुतेक 'संभाव्य टार्गेट' यातल्या एखाद्या प्रश्नावर पडतात.

तिसरा प्रश्न आपण सगळ्यात हलका धरतो. औषधाच्या किमतीवर आपण भांडतो, भांडायलाच हवं. पण तपासणी चुकली तर फुकट मिळालेलं औषधही चुकीच्या बाईला जाईल आणि बरोबर बाई वंचित राहील. गाठीचा तुकडा काढल्यावर तासाभरात फॉर्मालिनमध्ये गेला पाहिजे, आणि त्यात किमान सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर तास राहिला पाहिजे, असे नियम आहेत. कारण उशीर झाला किंवा नुसत्याच सलाइनच्या पाण्यात राहिला, तर प्रथिन खराब होतं आणि असलेलं हर-टू दिसत नाही. लाखोंच्या औषधाचा निर्णय अशा एका प्लास्टिकच्या डबीत होत असतो.

तर घरात कुणावर ही वेळ आली, आणि न येवो, तर तुम्ही, म्हणजे घरातले फोनवाले, तीन कामं नक्की करू शकता. पहिलं, रिपोर्टमधली हर-टूची ओळ शोधा आणि आकडा बघा. दोन अधिक असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "फिश करायचं का?" दुसरं, ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे ते आणि त्यावरचा नंबर फोनमध्ये लिहून ठेवा. ब्लॉक मागता येतो, दुसऱ्या ठिकाणी तपासून घेता येतो. तिसरं, खर्चाचं दडपण घेऊन गप्प बसू नका. हॉस्पिटलमध्ये जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र असतील तर त्यांना भेटा, समाजसेवा विभागात विचारा, औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमती विचारा. विचारण्यात लाज कसली?

आणि चौथं, न सांगताही कळेल असं. रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

मावशीचे अठरा डोस पूर्ण झाले. दर काही महिन्यांनी एको झाला, एकदा आकडा थोडा घसरला म्हणून एक डोस पुढे ढकलला, मग सावरलं. आता ती तपासणीला जाऊन येते. पूर्ण बरी झाली का, असं लोक विचारतात. ती म्हणते, "आज बरी आहे." त्याहून जास्त ती बोलत नाही आणि मीही बोलणार नाही.

तिच्या फाइलमध्ये सगळ्यात वर तो फिशचा रिपोर्ट लावलाय. काकांनीच लावलाय.

एपिसोड उपयोगी वाटला तर तुमच्या फॅमिली ग्रुपवर नक्की टाका. हा फॉरवर्ड चालेल. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.